तोट्याचा वाटा

भागीदारीत नफा कसा वाटायचा, हा प्रश्न हिशेबाचा वाटतो. खरे तर तो नीतीचा आहे. एकाने 6 लाख रुपये घातले, दुसऱ्याने वर्षभर दुकान सांभाळले. ठरले 60-40. लाखाचा नफा झाला तर 60 हजार आणि 40 हजार. इथवर भांडण नाही. पण लाखाचा तोटा आला तर?

फिकहमधल्या मुदारबाच्या नियमानुसार तो सगळा भांडवलवाल्याने सोसायचा. राबणाऱ्याने हयगय केली असेल किंवा अट मोडली असेल, तरच भरपाई त्याच्यावर येते. 'हा कुठला इन्साफ?' असे पैसेवाला विचारतो. दुसऱ्याचे अख्खे वर्ष फुकट गेले, हे तो विसरतो. कारण ते कोणत्याच वहीत मांडलेले नसते. म्हणूनच 'धंद्याचे काहीही होवो, मला दरमहा ठरावीक रक्कम हवी' ही अट नाजायज आहे. जोखीम न घेता नफा मागणे आणि व्याज मागणे यांत फरक तो काय?

मात्र ठरलेले लिहून ठेवावे. करार नसेल तर 1932 च्या भारतीय भागीदारी कायद्यानुसार नफ्याप्रमाणे तोटाही समान वाटला जातो. म्हणजे वर्ष गमावलेल्यावर निम्मा तोटाही येतो. 'आपल्याच माणसांत कागद कशाला?' असे आपण म्हणतो. तोट्याच्या दिवशी तोंडी शब्द कुणालाच सारखा आठवत नाही.