पाहुणा आणि पाहणारा

परमुलखात नोकरी करणाऱ्या माणसाने पुष्कळ देश पाहिलेला असतो, अशी आपल्या गावाकडच्या लोकांची समजूत असते. ती अर्धीच खरी आहे. बदलीचा हुकूम आला की आम्ही जातो, घर भाड्याने घेतो, मुलांना शाळेत घालतो, आणि त्या मुलुखातला आमचा बहुतेक काळ कचेरी आणि घर यांच्या दरम्यानच्या रस्त्यावर जातो. आम्ही बंगळूरच्या जयनगरात राहतो. १९४८ साली वसवायला घेतलेली ही वसाहत आता शहराच्या मध्यातच आली आहे. तिची झाडांच्या सावलीतली वळणे आणि चौथ्या ब्लॉकातला बाजार आम्हांला तोंडपाठ आहे. परंतु या शहराला भाजी, धान्य आणि कामाचे हात पुरवणारा मुलूख आम्ही पाहिलेला नाही, असे कोणी म्हटले तर नाकारता येणार नाही.

हे उणेपण भरून काढावे म्हणून गेल्या पाडव्याला आम्ही एका तेलुगू खेड्यात गेलो होतो. तिथून परतताना एक प्रश्न आमच्याबरोबर आला, आणि तो अजून सुटलेला नाही. दुसऱ्याच्या गावी केवळ पाहण्याकरिता जाणाऱ्याला त्या गावाचे काही देणे लागते काय? लागत असेल, तर किती? वाचकांपैकी अनेकजण आमच्यासारखेच परक्या मुलखात वावरत असल्यामुळे हा प्रश्न त्यांच्यापुढे मांडावा असे वाटले.

आमच्या कचेरीतल्या एका तेलुगू सहकाऱ्याचे ते गाव. आपला पाडवा आणि त्यांची उगादी एकाच दिवशी येते. आपण कडुलिंबाचा पाला गुळाबरोबर खातो, ते कडुलिंबाचा फुलोरा, गूळ, चिंच, कैरी, मीठ आणि तिखट कालवून सहा रसांची पच्चडी करतात. वर्षाच्या आरंभी कडू गिळून टाकावे, हा विचार गोदावरीच्या काठी सुचला की कृष्णेच्या, याचा वाद घालण्याचे कारण नाही. पैठणला राजधानी करून राहिलेल्या सातवाहनांना पुराणे आंध्रच म्हणतात आणि शालिवाहन शक दोघेही मोजतात. सहकारी म्हणाला, "सार्, घरापासून लांब सण करण्यापेक्षा आमच्या घरी करा." आम्ही निघालो.

मेट्रोने मोठे स्टेशन गाठून आम्ही आगगाडीत बसलो. दोड्डबळ्ळापूर, गौरीबिदनूर मागे पडले आणि हिंदुपूर आले. पाट्यांवरची लिपी कानडीची तेलुगू केव्हा झाली, हे आमच्या मराठी डोळ्यांना कळले नाही. दोन्ही लिपी एकाच जुन्या लिपीच्या लेकी आहेत. वाटेत लेपाक्षीला उतरून सोळाव्या शतकातले वीरभद्राचे देऊळ पाहिले. ते बांधणारा विरूपण्णा हा विजयनगरच्या राजाचा अधिकारी. राजाच्या अनुज्ञेवाचून त्याने खजिना देवळावर खर्चला, राजाने त्याचे डोळे काढण्याची शिक्षा फर्मावली, तेव्हा त्याने आपल्या हाताने डोळे काढून भिंतीवर फेकले, अशी दंतकथा आहे. भिंतीवरचे तांबडे डाग अजून दाखवतात. मंजुरीवाचून खर्च करणाऱ्या नोकराची ती गोष्ट ऐकून आम्ही हसलो. त्याच दिवशी डोळ्यांची ही गोष्ट आमच्यावरच उलटणार होती, याची कल्पना नव्हती.

गावाचे नाव आम्ही देत नाही. लाल माती, मधून मधून काळ्या खडकांच्या टेकड्या, बांधावर चिंच आणि कडुलिंब. जुन्या अनंतपूर जिल्ह्याचा हा भाग २०२२ साली श्री सत्यसाई जिल्ह्यात गेला. नैर्ऋत्येचा पाऊस पश्चिम घाट अडवतो आणि ईशान्येचा पाऊस समुद्रापासून इतक्या आत पुरा पोहोचत नाही. अशा कात्रीत सापडल्यामुळे वर्षाकाठी सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपासच पाऊस पडतो. आपल्या माण-आटपाडीची आठवण व्हावी असा तो मुलूख. मृगानंतरच्या पावसावर भुईमूग पेरायचा आणि आभाळाकडे पाहायचे, ही तिथली शेती. आपण भुईतला मूग म्हणतो, तेलुगूत त्याला 'वेरुशेनग', म्हणजे मुळाचा हरभरा म्हणतात. दोन्ही भाषांना हे पीक परकेच, म्हणून दोघांनी घरातल्या कडधान्याचे नाव देऊन त्याला आपलेसे केले.

सहकाऱ्याच्या आईने दारातच पाय धुवायला पाणी दिले. नाचणीची संगटी, अंबाडीची चटणी, सणाची पुरणपोळी असे ताट समोर आले. "तिनंडी, तिनंडी" एवढाच शब्द आम्हांला कळत होता आणि तेवढा पुरेसा होता. जेवण झाल्यावर सहकारी देवळात पंचांग ऐकायला गेला. आम्ही पडवीत बसलो. त्याचा शाळकरी भाचा दुभाष्या म्हणून जवळ होता. तेवढ्यात शेजारची एक म्हातारी बाई पदराच्या गाठीत बांधलेला कागद घेऊन आली. मुलगा तिला अव्वा म्हणत होता. "सारू," ती म्हणाली, आणि पुढचे मुलाने हिंदीत सांगितले : तुम्ही सरकारात आहात, हा कागद पाहा.

आम्ही तो हाती घेतला. कागद संगणकावर छापलेला आणि इंग्रजीत होता. वरच्या ओळीत एका कचेरीचे नाव होते. ती आमची कचेरी नव्हती. आम्ही कागद घडी करून परत दिला आणि म्हणालो, "हे आमच्या खात्याकडे येत नाही." मुलाने ते तेलुगूत सांगितले. अव्वाने मान हलवली. हे उत्तर तिला नवे नसावे. तिने कागद पुन्हा गाठीत बांधला, आम्हांला नमस्कार केला आणि ती गेली.

या वाक्यात असत्य काही नव्हते. कचेरीच्या खिडकीशी बसून आम्ही ते हजार वेळा उच्चारले आहे, आणि तिथे ते योग्यही असते. ज्याचे काम त्याने करावे हाच राज्यकारभाराचा पाया आहे. परंतु त्या पडवीत कोणती खिडकी होती? आम्ही तिथे सरकार म्हणून गेलो नव्हतो. तासापूर्वी त्या आळीतल्या विहिरीच्या पाण्याने आमचे पाय धुतले गेले होते. जेवताना आम्ही पाहुणे होतो. कागद समोर येताच कारकून झालो. ज्या क्षणी पाहुणेपण महाग पडेल असे वाटले, त्या क्षणी ते आम्ही उतरवून ठेवले.

'पाहुणा' हा शब्द 'पाहणे' यापासून निघाला असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. तो संस्कृत 'प्राघुणक' यावरून प्राकृतातून आला आहे. तथापि, आजच्या प्रवाशाला ती चुकीची व्युत्पत्तीच लागू पडते : तो पाहण्यासाठी येतो, पाहतो आणि जातो. आपल्या जुन्या रीतीत अतिथीला देव म्हटले आहे, ते यजमानाला उद्देशून. अतिथीने स्वतःला देव समजावे असे कोणी सांगितलेले नाही.

प्रवाशाच्या बाजूने बोलण्यासारखे नाही असे मात्र नाही. पहिला आक्षेप असा : दोन दिवसांच्या परक्याने गावच्या कामात हात घालणे हा उद्धटपणा आहे. हे खरे आहे. अर्धवट माहितीने दिलेला सल्ला निरुपद्रवी मौनापेक्षा वाईट. दुसरा असा : आपण पैशाने ऋण फेडू शकतो. आम्ही निघताना सहकाऱ्याच्या आईच्या हाती एक नोट ठेवण्याचा प्रयत्न केला. तिने हात मागे घेतले, आणि जरा दुखावलेल्या चेहऱ्याने एक पिशवीभर शेंगा आमच्या हाती दिल्या. घरातल्या सणाला आम्ही खानावळ ठरवले होते. तिसरा आक्षेप सर्वांत भारदस्त : नुसते पाहणे हेही एक कार्य आहे. एस. सी. दुबे यांनी हैदराबादजवळच्या शामीरपेट या तेलुगू गावावर लिहिलेले पुस्तक १९५५ साली निघाले. म्हैसूरजवळच्या एका खेड्यात १९४८ साली राहून एम. एन. श्रीनिवास यांनी टिपणे केली. ती १९७० साली अमेरिकेत आगीत जळाली, तेव्हा त्यांनी स्मरणातून ग्रंथ लिहिला. गावाला त्यांनी 'रामपुरा' हे कल्पित नाव दिले होते. असे पाहणे फुकट गेले असे कोण म्हणेल? पण ते पाहणे दीर्घ मुक्कामाचे आणि जबाबदारीचे होते. आम्ही तर समोर ठेवलेल्या एका पानाची दुसरी ओळसुद्धा पाहिली नाही. पाहणारा म्हणूनही आम्ही कमीच पडलो.

तेलुगू खेड्यात गेलेला आणखी एक मराठी प्रवासी इथे आठवतो. १९५१ च्या मार्चमध्ये विनोबा भावे वर्ध्याकडून पायी निघाले, हैदराबादजवळ शिवरामपल्लीच्या सर्वोदय संमेलनाला गेले, आणि तिथून तेलंगणात फिरू लागले. तो काळ कम्युनिस्टांच्या सशस्त्र लढ्याचा आणि त्याच्यावरच्या दडपशाहीचा. १८ एप्रिलला ते पोचमपल्लीस पोहोचले. गावच्या भूमिहीन दलितांना त्यांनी काय हवे ते विचारले. त्यांनी ८० एकर जमीन मागितली. विनोबांनी ती मागणी सभेपुढे ठेवली, आणि वेदिरे रामचंद्र रेड्डी यांनी १०० एकर देऊ केली. भूदानाचा उगम तो. पुढे देशभर ४० लाख एकरांहून अधिक जमीन मिळाली. त्यातली पुष्कळशी नापीक निघाली, पुष्कळशी वाटलीच गेली नाही. म्हणून त्या चळवळीच्या यशाचा दाखला आम्ही देत नाही. दाखला द्यायचा तो तिच्या आधीच्या एका साध्या गोष्टीचा : त्या प्रवाशाने प्रश्न विचारला आणि उत्तर येईपर्यंत तो थांबला. आणि त्या मुलखाची भाषा तो अगोदरच शिकून आला होता. वेल्लोरच्या तुरुंगात त्याने दक्षिणेच्या चारही भाषांचा अभ्यास केला होता. आम्ही या शहरात इतकी वर्षे काढून शेजारच्या भाषेचे दहा शब्द जाणतो.

विनोबा होणे सर्वांना साधत नाही, आणि तशी अपेक्षाही कोणी करीत नाही. अव्वाने आमच्याकडे जमीन मागितली नव्हती. आमच्या मते पाहुण्याचे देणे यावरूनच ठरते. गावचा दुष्काळ हटवणे, सावकारी मोडणे, पाऊस पाडणे हे त्याच्या हाती नाही. त्याबद्दल त्याने हळहळ दाखवत बसू नये. परंतु जे कसब त्याच्या हाती आहे, ते मागितले गेले असता त्याला 'मी केवळ पाहायला आलो आहे' असे म्हणता येत नाही. वैद्य असेल तर त्याने नाडी पाहावी, सुतार असेल तर मोडलेल्या चौकटीला खिळा मारावा. कारकून असेल तर त्याने कागद शेवटपर्यंत वाचावा. ज्याचे अन्न खाल्ले त्याच्यापुरते तरी आपले कसब खात्याच्या कुंपणात ठेवता येत नाही.

परतीच्या गाडीत आम्ही सहकाऱ्याला ती हकीकत सांगितली. तो रागावला नाही. म्हणाला, "सार्, त्या शेंगा आईने बियाण्याच्या राशीतून दिल्या. तिथे चांगल्या निवडून ठेवलेल्या असतात ना." आमचा चेहरा पाहून त्याने लगेच जोडले, "पिशवीभर बियाणे गेले म्हणून शेत पडीक राहत नाही." पण आम्हांला ती पिशवी मांडीवर जड वाटू लागली.

पुढल्या महिन्यात तो गावी गेला आणि आमच्या सांगण्यावरून अव्वाच्या कागदाचे छायाचित्र घेऊन आला. मजकूर सहा ओळींचा होता. एका दाखल्यातले तिचे नाव आणि दुसऱ्यातले नाव यांत इंग्रजी एका अक्षराचा फरक होता, म्हणून तिला दरमहा मिळणारी रक्कम खात्री होईपर्यंत थांबवण्यात आली होती. वाचायला आम्हांला अर्धे मिनिटही लागले नाही. असे एक अक्षर चुकवणारा मनुष्य कुठल्यातरी टेबलाशी बसलेला असणार, आणि आमच्यासारखाच असणार. संध्याकाळी पाचच्या सुमारास, डोळे शिणल्यावर, नावांच्या याद्या उतरवताना आमच्या हातून असे अक्षर किती वेळा चुकले असेल, ते आम्ही मोजलेले नाही. त्या चुका कोणाच्या पदराच्या गाठीत जाऊन बसल्या, तेही आम्हांला ठाऊक नाही.

आम्ही इंग्रजीत अर्ज लिहिला, सहकाऱ्याने तेलुगूत उतरवला, अव्वाने त्यावर अंगठा केला. हे लिहीपर्यंत त्याचे उत्तर आलेले नाही. आठवणपत्राचा मसुदा मात्र आम्ही करून ठेवला आहे. शेंगा मुलांनी भाजून खाल्ल्या. ऋण फिटले असे यावरून म्हणता येत नाही, कारण मूळ देणे त्या दुपारी, त्या पडवीत द्यायचे होते. येत्या पाडव्याला या, असा निरोप आला आहे. आम्ही जाणार आहोत. तोवर तेलुगू लिपी गिरवीत आहोत; अव्वाचे नाव आता आम्हांला चूक न करता लिहिता येते.