किल्ली कोणाकडे?

यंत्र शाळेत आले म्हणजे विद्या आली, असे मानणारे भाबडे. आणि यंत्राने विद्या बुडवली म्हणणारेही तितकेच भाबडे. मला प्रश्न पडतो तो निराळा: कपाटाची किल्ली कोणाकडे?

संगणक शाळेत येतो आणि त्याची नोंद जडसंग्रह नोंदवहीत होते. खाली मुख्याध्यापकांची सही. वस्तू मोडली तर जाब त्यांना. ती वापरावाचून मूल मागे राहिले, तर त्यासाठी त्या वहीत रकानाच नाही! मग सज्जन माणूसही कुलूप लावतो.

हे केवळ आपल्याकडेच घडते असे नाही. पेरू देशाने शाळांतून आठ लाखांवर छोटे संगणक वाटले. खेड्यांतील 319 शाळा पाहून 2012 साली निघालेल्या अहवालात गणित व भाषा या विषयांत मुलांची प्रगती आढळली नाही. निम्म्याहून अधिक मुले संगणक घरी नेत नव्हती. मोडण्या-हरवण्याची धास्ती हे त्याचे एक कारण. शिक्षकांना तो धड्यात कसा गुंफावा याचे मार्गदर्शनही तोकडेच होते.

सार्वजनिक वस्तू जपावी, हा धर्मच आहे. पण विश्वस्ताने ठेव जपायची ती कोणासाठी? नुसती किल्ली देऊनही भागत नाही. कालच्या धड्यात मुलांना काय उमगले नाही, आणि तिथे यंत्राचा उपयोग आहे का, हे शिक्षकाशेजारी बसून मुख्याध्यापकांनी विचारले पाहिजे. आणि मग म्हटले पाहिजे, “वापरा. मोडले तर मी उत्तर देईन.”

हे वाक्य ज्यांना उच्चारता येत नाही, त्यांच्या शाळेतले यंत्र जडसंग्रहातच राहणार.