शुद्ध केलेले सांडपाणी : किळस, हुकूम आणि अमानत

पाणी पाक की नापाक, हा विचार मुस्लिम घरातील मूल वजूच्या पहिल्या धड्याबरोबर शिकते. पाण्यात काय पडले, त्याचा रंग, वास किंवा चव बदलली काय, पाणी थोडे आहे की पुष्कळ, हे पाहण्याची सवय आपल्याला लहानपणीच लागते. म्हणून, वाचक बंधुभगिनींनो, आज शहरांपुढे उभा राहिलेला एक प्रश्न आपल्याला अगदीच परका नाही. गटारातून वाहून गेलेले पाणी यंत्रांनी पूर्ण स्वच्छ करून पुन्हा आपल्या नळाला आले, तर ते प्यावे काय?

आपल्या खांदा कॉलनीत हा प्रश्न अजून दाराशी आलेला नाही. पण तो वाटेवर आहे. कोकणात पाऊस उदंड पडतो, तरी उन्हाळ्यात इमारतींच्या फाटकाशी टँकर उभे राहतात. सिडकोने वसवलेला हा परिसर मुख्यतः पाताळगंगेच्या पाण्यावर जगतो. पनवेल शहराचे स्वतःचे देहरंग धरण गाढी नदीवर आहे. गाळाने भरत गेलेले ते धरण उन्हाळ्यात तळ गाठते. २०१६ साली पनवेलची महानगरपालिका झाली, शेजारी विमानतळ आला, नव्या इमारती रोज उभ्या राहत आहेत. नद्या मात्र पूर्वी होत्या तेवढ्याच आहेत.

शेजारच्या नवी मुंबईत महानगरपालिकेने कोपरखैरणे आणि ऐरोली येथे दररोज प्रत्येकी २० दशलक्ष लिटर सांडपाणी अधिक काटेकोरपणे शुद्ध करणारे प्रकल्प उभारले, ते कारखान्यांना पाणी देण्यासाठी. नागपूरचे सांडपाणी भांडेवाडीत शुद्ध होऊन कोराडीच्या वीजकेंद्राला जाते. आफ्रिकेतील नामिबियाची राजधानी विंडहुक तर १९६८ पासून शुद्ध केलेले सांडपाणी पिण्यासाठी वापरत आहे. सिंगापूरने २००३ पासून असे पाणी सूक्ष्म गाळण्या, उलट परासरण आणि अतिनील किरण या तीन टप्प्यांतून काढून वापरात आणले. त्यातील बहुतांश उद्योगांना जाते आणि थोडा भाग पिण्याच्या पाण्याच्या जलाशयांत मिसळला जातो.

या विषयावर बोलणे निघाले की आपल्या जमातीतील वडीलधारी माणसे एकच शंका काढतात: “मौलाना, कितीही धुतले तरी मूळ नजासतच ना?” शंका रास्त आहे. तिचे उत्तर आपल्या फिकहच्या ग्रंथांत, आधुनिक यंत्रे येण्याच्या कितीतरी शतके आधीपासून आहे.

कोकणातील आपण बहुसंख्य लोक शाफिई मसलकाचे आहोत. या मसलकात दोन कुल्ले, म्हणजे आजच्या मापाने सुमारे दोनशे लिटर किंवा थोडे अधिक पाणी, केवळ नजासत पडल्याने नापाक होत नाही. रंग, वास वा चव बदलली तरच होते. आणि बदललेले असे पुष्कळ पाणी कायम नापाकच राहते काय? नाही. तो बदल आपोआप किंवा आणखी पाणी मिसळून नाहीसा झाला, तर पाणी पुन्हा पाक होते. मात्र त्यात कस्तुरी वा केशर टाकून दुर्गंधी दबवली, तर ते पाक मानले जात नाही. कारण तेथे नजासत गेली नाही, फक्त झाकली गेली. त्याचप्रमाणे फर्ज वजूत एकदा वापरलेल्या थोड्या पाण्याने पुन्हा वजू होत नाही. पण असे पाणी जमा होऊन दोन कुल्ले झाले, तर अधिक ग्राह्य मतानुसार त्याने तहारत होते. हनफी उलेमांनीही वस्तूचे स्वरूप मुळातून पालटले की तिचा हुकूम पालटतो, हे तत्त्व मांडले. शराबेचा आपोआप सिरका झाला तर तो हलाल, याबद्दल तर सर्वांचेच एकमत आहे.

या सर्व मसलांचा धागा एकच आहे. शरीअत पाण्याला ‘तू आज काय आहेस’ हे विचारते; ‘तू काल कोठे होतास’ यावर अडून बसत नाही. मदीनेत बुजाआ नावाची एक विहीर होती. तीत घाण जाऊन पडत असे. तिच्या पाण्याविषयी विचारले असता प्रेषित मुहम्मद (स.) यांनी पाणी मुळात पाक असल्याचे सांगितले, ही हदीस अबू दाऊद आणि तिर्मिजी यांच्या संग्रहांत आली आहे.

आपल्या काळातील उलेमांनीही हा प्रश्न हाती घेतला. १९७८ साली सौदी अरेबियातील ज्येष्ठ उलेमांच्या मंडळाने पाणी शुद्ध करणाऱ्या तज्ज्ञांचे म्हणणे विचारात घेऊन निर्णय दिला: नजासतीचा रंग, वास व चव पूर्णपणे गेलेले पाणी पाक आहे आणि त्याने वजू-गुस्ल होते. ते पिणेही जायज आहे. त्यापासून प्रकृतीला अपाय होत असेल तर मात्र मनाई आहे, आणि ती मनाई पाणी नापाक म्हणून नव्हे, तर जीव राखण्यासाठी. पुढे मंडळाने असेही म्हटले की शक्य असेल तेथवर पिण्यासाठी ते टाळणे बरे. एक तर आरोग्याची खबरदारी म्हणून आणि दुसरे म्हणजे माणसाच्या मनाला त्याची किळस वाटते म्हणून. १९८९ साली मक्केतील फिकह परिषदेनेही असे पाणी तहारतीसाठी मान्य केले.

पाहा, त्या निर्णयात किळसेचीही दखल घेतली आहे. ती कोणी मूर्खपणा ठरवलेली नाही. माझ्यापुढे असा पेला आला, तर पहिला घोट मलाही जड जाईल. पण किळसेची जागा कोणती, हे प्रेषितांच्या (स.) एका प्रसंगातून शिकावे. त्यांच्यापुढे घोरपडीसारख्या एका वाळवंटी प्राण्याचे भाजलेले मांस आले. त्यांनी हात मागे घेतला. हे हराम आहे काय, असे विचारल्यावर ‘नाही’ म्हणाले; आपल्या लोकांच्या मुलखात हे नसते, म्हणून मनाला रुचत नाही, एवढेच कारण सांगितले. हजरत खालिद (रजि.) यांनी तेच मांस त्यांच्यासमोर बसून खाल्ले. आपली नावड आपल्या ताटापुरती ठेवावी, तिचा हुकूम करून दुसऱ्याच्या ताटावर लादू नये, हे यातून कळते.

किळसेचा हुकूम झाला की काय घडते, हे आपल्या जिल्ह्याने पाहिले आहे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्याले आणि त्यानंतर सवर्णांनी पंचगव्य ओतून त्या तळ्याची ‘शुद्धी’ केली. पाण्यात काहीच पडले नव्हते. फक्त माणसांचे हात लागले होते. त्या तळ्यावर मुसलमानांना मज्जाव नव्हता, हेही आपण विसरू नये. त्याच वर्षी डिसेंबरात तेथे दुसरी परिषद भरली, तेव्हा तिला जागा एका मुस्लिम गृहस्थाने दिली, ही मात्र आपल्यासाठी अभिमानाची गोष्ट. आजही गटारात उतरून आपली घाण काढणाऱ्या माणसाला वेगळ्या पेल्यातून पाणी देणारी घरे आहेत. ज्याला सांडपाण्याची किळस येते त्याने ही दुसरी किळसही एकदा तपासावी, कारण हिचे उत्तर आखिरतमध्ये द्यावे लागेल.

आता किळसेचा आणखी एक भ्रम पाहू. आपण वापरलेले पाणी पीत नाही, असे आपल्याला वाटते. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनी धरणात जाते. सोलापूर शहर त्याच उजनीचे पाणी पिते. म्हणजे वापरलेल्या पाण्याचा पुनर्वापर आपल्या राज्यात कधीचाच सुरू आहे. नदीचे नाव मध्ये आले, एवढ्यावर मनाचे समाधान होते. अशा वेळी प्रश्न पिणाऱ्याच्या किळसेइतकाच वरच्या गावाच्या जबाबदारीचा ठरतो. आपल्या तळोजा औद्योगिक वसाहतीतून वाहणाऱ्या कासाडी नदीचे प्रदूषण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेले, तेव्हा हाच प्रश्न विचारला जात होता.

माझ्या मते खरा मुद्दा येथे आहे. शुद्ध केलेले पाणी पाक असू शकते, यात शंका उरत नाही. शंका उरते ती माणसांबद्दल: यंत्र रोज नीट चालेल काय, बिघडले तर पाणी थांबवले जाईल काय, तपासणीचा खरा निकाल लोकांना सांगितला जाईल काय? वास गेला पण जंतू किंवा रसायने राहिली, तर ती कस्तुरी टाकून दुर्गंधी दबवण्याचीच गत झाली. म्हणून असे पाणी देणाऱ्यांच्या हाती शहराची अमानत असते. त्यांनी तपासणीचे आकडे उघड्यावर ठेवावेत, आणि ते मागणे हा आपला हक्कच नव्हे, तर कर्तव्यही आहे. दुसरी अट न्यायाची. धरणाचे पाणी बंगल्यांना आणि शुद्ध केलेले सांडपाणी झोपडपट्टीला, अशी वाटणी झाली तर पाणी पाक असूनही वाटणी जुलमाची होईल. पाण्यात सर्व लोक भागीदार आहेत, ही प्रेषितांची (स.) शिकवण आहे. हजरत उस्मान (रजि.) यांनी रूमाची विहीर विकत घेऊन सर्वांसाठी खुली केली, ती याच शिकवणीला अनुसरून.

तोवर आपल्या हातात बरेच काही आहे. प्रेषित (स.) एक मुद पाण्यात वजू करीत, म्हणजे भरलेल्या एका ओंजळीएवढ्या पाण्यात, गुस्लला त्याच्या चौपट-पाचपट पुरत असे. आपल्या वजूखान्यातील नळाखाली एकदा बादली ठेवून पाहा, आपले किती जाते ते कळेल. वजूचे पाणी घाणेरडे नसते. ते वेगळ्या टाकीत साठवून शौचालयाला आणि झाडांना देणे कोणत्याही मशिदीला जमण्यासारखे आहे. सोसायटीत सांडपाणी शुद्ध करण्याचे यंत्र असेल तर ते बंद पडलेले नाही ना, हे सभेत विचारा, आणि तेच पाणी फ्लशला व बागेला वापरण्याचा आग्रह धरा. जे पाणी आपण पिण्यास कचरतो, ते निदान शौचालयात वापरावे आणि धरणाचे पाणी पिण्यासाठी राखावे, एवढे तरी आज करता येईल.

पवित्र कुरआनात अल्लाहने आठवण दिली आहे की पाणी त्याने मोजून-मापून उतरवले, जमिनीत ठेवले आणि ते परत नेण्यासही तो समर्थ आहे. अल्लाह आपल्याला त्याच्या या देणगीची कदर करण्याची, तिच्यात दुसऱ्याचा हक्क ओळखण्याची आणि हुकूम व आवडनिवड यांतील भेद समजण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.