हात कोणाचा?

पावसाळ्यात हरसूलच्या ओहोळांकाठी खेकडे धरणाऱ्या पोरांना एक गोष्ट न शिकविता कळते: खेकड्याचा सांगाडा बाहेरून असतो. मनुष्यासाठीही असा बाह्य सांगाडा आता घडविला गेला आहे. अमेरिकेतील विल्मिंग्टन येथील मुलांच्या रुग्णालयात तारिक रहमान या अभियंत्याने व त्यांच्या सहकाऱ्यांनी चाकांच्या खुर्चीला जोडून हातावर बांधता येईल असे एक साधन तयार केले. त्यात मोटार नाही. रबरी पट्टे हाताचे वजन तोलून धरतात आणि दुबळ्या स्नायूंना केवळ हात हलविण्याचे काम उरते.

ड्युशेन नावाच्या आजारात मुख्यतः मुलग्यांचे स्नायू क्रमाक्रमाने झिजतात. बहुधा बाराव्या वर्षाच्या सुमारास चालणे थांबते; पुढे हात तोंडापर्यंत पोहोचेनासा होतो. मग आई घास भरविते, क्रुसाची खूणही तीच त्याचा हात धरून करविते. त्या प्रेमळ हाताची जागा यंत्राने घ्यावी काय?

सेवा करणाऱ्यास सेवेत धन्यता लाभते. परंतु त्या धन्यतेपोटी दुसऱ्याने परावलंबीच राहावे अशी इच्छा नकळत मनात शिरली, तर ते प्रेम आपले स्वतःवरचेच ठरेल. सभास्थानातील वाळलेल्या हाताच्या मनुष्यास प्रभूने हात लांब करावयास सांगितले. तो हात स्वतः ओढून लांब केला नाही. रफीदीम येथे मोशेचे हात जड झाले, तेव्हा अहरोन व हूर यांनी ते सूर्यास्तापर्यंत सावरून धरले. आधार त्या दोघांचा होता. उंचावलेले हात मात्र मोशेचेच राहिले. आम्हांस वाटते, आधाराची कसोटी हीच आहे: त्याने कृती ज्याची त्याच्याच हाती राहावी.

'देवाने दिलेला क्रूस आहे, वाहावा,' असे आपण दुःखिताला सहज सांगतो. पण प्रभूच्या क्रुसालाही कुरेनेकर शिमोनाचा खांदा लागला. विल्मिंग्टनचे साधन आपल्या डोंगरपाड्यांपासून दूर आहे. त्यामागील तत्त्व दूर नाही. कोपर टेकेल इतक्या उंचीचे मेज, वरून टांगलेली कापडी झोळी, यांनीही हाताचा भार काही अंशी हलका होतो. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात या स्नायुविकाराची गणना आहे. तेव्हा दाखल्यासाठी त्या कुटुंबासोबत कचेरीत जाणे हेही शिमोनाचेच काम होय.

मात्र यंत्राला मर्यादा आहे. स्नायूंत थोडे बळ उरले आहे तोवरच रबरी पट्टे साथ देतात. पुढे तेही बळ सरले, तर त्या मुलाचे मोल उणे होते काय? क्रुसावर खिळलेले हात हलू शकत नव्हते, आणि आपले तारण त्याच घटकेला झाले. म्हणून हात उचलता येईल तोवर त्याला त्याचा हात उचलू द्यावा. उचलता येईनासा झाला की आईने तो पुन्हा हाती घ्यावा, आणि खूण त्याचीच मानावी.