नावे ठेवत पाहणारे

1959 साली मुंबईत ‘ब्लिट्झ’ या साप्ताहिकाचा अंक पंचवीस पैशांना मिळत असे. नौदल अधिकारी कावस नानावटी यांच्यावर प्रेम आहुजा यांच्या खुनाचा खटला उभा राहिला आणि तोच अंक दोन-दोन रुपयांना विकला गेला. संपादक रूसी करंजिया यांनी उघडपणे नानावटींची बाजू घेतली होती. न्यायालयाबाहेर गर्दी लोटे, फुटपाथवर ‘आहुजा टॉवेल’ आणि खेळण्यातली ‘नानावटी रिव्हॉल्व्हर’ मिळत. ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी आरोपीला निर्दोष ठरवले. तो कौल उच्च न्यायालयाने फिरवला, जन्मठेप दिली आणि सर्वोच्च न्यायालयाने 1961 मध्ये ती कायम ठेवली.

तेव्हा ना वृत्तवाहिन्या होत्या ना टीआरपी. मोबाइलवर काय दिसावे हे ठरवणारे अल्गोरिदमही नव्हते. तरीही माणसे आठपट पैसे मोजून अंक घेत होती. माध्यमे अलीकडे बिघडली, पूर्वी सगळे सोज्वळ होते, या लाडक्या समजाला हा तपशील गैरसोयीचा आहे. चटकदार बातमीला गिऱ्हाईक नेहमीच होते. बदल झाला आहे तो ते गिऱ्हाईक मोजण्याच्या पद्धतीत.

2020 चा उन्हाळा संपता संपता, 14 जूनला, सुशांतसिंह राजपूत या अभिनेत्याचा मृत्यू झाला. पुढचे चार महिने वृत्तवाहिन्यांनी दुसरा विषय जवळजवळ घेतलाच नाही. त्याची मैत्रीण रिया चक्रवर्ती राहत असलेल्या इमारतीबाहेर खाद्यपदार्थ पोहोचवायला आलेल्या मुलामागेही बूम घेऊन पत्रकार धावले. 31 ऑगस्टला देशाचे सकल उत्पादन तिमाहीत 23.9 टक्क्यांनी घसरल्याचा आकडा जाहीर झाला. सप्टेंबरमध्ये करोनाचे रोज नव्वद हजारांहून अधिक रुग्ण सापडू लागले आणि त्यात महाराष्ट्र सर्वांत पुढे होता. पडद्यावर मात्र व्हॉट्सअॅपवरचे जुने संवाद वाचून दाखवले जात होते. रियाला सप्टेंबरमध्ये अटक झाली. जवळपास महिनाभर तुरुंगात काढल्यावर तिला जामीन मिळाला. एम्सच्या डॉक्टरांनी खुनाची शक्यता नाकारली, जानेवारी 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ‘मीडिया ट्रायल’वर कडक ताशेरे ओढले आणि मार्च 2025 मध्ये सीबीआयने तपास बंद करण्याचा अहवाल दिला. त्या अहवालावर किती वाहिन्यांनी चार महिने चर्चा केली, हे विचारायलाच नको.

याच काळात, ऑगस्ट 2020 मध्ये, जेमतेम दीड वर्ष वयाची ‘रिपब्लिक भारत’ ही वाहिनी ‘आज तक’ला मागे टाकून हिंदी बातम्यांत पहिल्या क्रमांकावर गेली. ऑक्टोबरमध्ये मुंबई पोलिसांनी टीआरपी घोटाळ्याचा आरोप केला आणि प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या ‘बार्क’ने वृत्तवाहिन्यांचे साप्ताहिक आकडे थांबवले. 2024 मध्ये सरकारने तो खटला मागे घेतला. आकड्यांविषयी शंका घ्यायला जागा आहे, पण तेवढ्याने प्रेक्षक सुटत नाही. कारण खरा पेच आकडे कसे तयार होतात यातच आहे.

देशातल्या सुमारे वीस कोटी टीव्ही असलेल्या घरांपैकी त्या वेळी चव्वेचाळीस हजारांच्या आसपास घरांत मीटर होते. कोणती वाहिनी लागली आहे आणि घरातले कोण समोर बसले आहे, एवढेच त्या मीटरला कळते. समोर बसलेला माणूस भारावून पाहतो आहे की ‘काय चाललंय हे, लाज कशी वाटत नाही यांना’ असे म्हणत पाहतो आहे, याची नोंद कुठेही होत नाही. मोबाइलवरही तेच: संतापून पुढे पाठवलेली क्लिप आणि आवडली म्हणून पाठवलेली क्लिप यांचे मोल सारखेच. नावे ठेवत पाहणारा प्रेक्षक वाहिनीच्या हिशेबात चाहताच असतो.

‘लोकांना हेच हवे असते’ हा संपादकांचा लाडका युक्तिवाद इथूनच निघतो. तो अर्धाच खरा आहे.

महाराष्ट्राचे जवळचे उदाहरण जून 2022 चे. शिवसेनेचे बंडखोर आमदार आधी सुरतेला, मग गुवाहाटीला गेले. सांगोल्याचे आमदार शहाजीबापू पाटील यांचे फोनवरचे संभाषण बाहेर आले आणि ‘काय झाडी, काय डोंगार, काय हाटील’ घराघरांत पोहोचले. गाणी झाली, रील झाली. लोक मनापासून हसले. सरकार कोसळत होते, पक्षांतरबंदी कायद्याची कसोटी लागत होती, पण चर्चेत राहिला हाटेलचा थाट. 2024 मध्ये शहाजीबापू निवडणूक हरले. म्हणजे क्लिप शेअर करणे आणि मत देणे यांत मतदार फरक करू शकतो.

त्याच 2022 च्या मार्चमध्ये आणखी एक घटना घडली होती. मुंबई महापालिकेची मुदत संपली आणि 227 नगरसेवक घरी गेले. पुणे, नागपूर आणि इतर अनेक शहरांत तेच झाले. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेच्या वादांत निवडणुका अडकल्या. सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये आदेश दिले, त्यानंतर मुंबईत मतदान झाले ते जानेवारी 2026 मध्ये. मधल्या काळात आयुक्तच प्रशासक होते. 2025-26 साठी 74,427 कोटी रुपयांचा अर्थसंकल्प आयुक्तांनीच प्रशासक म्हणून मंजूर केला. काही लहान राज्यांच्या अर्थसंकल्पाहून मोठी ही रक्कम. त्यावर प्रश्न विचारायला सभागृहात एकही लोकप्रतिनिधी नव्हता.

ही बातमी छापून आली नाही असे नाही. आली, आणि दुसऱ्या दिवशी विरली. रिकाम्या सभागृहाचा व्हिडिओ किती वेळ दाखवणार? उलट सकाळी एका नेत्याची पत्रकार परिषद, दुपारी दुसऱ्याचे प्रत्युत्तर, संध्याकाळी दोघांच्या प्रवक्त्यांची खडाजंगी, हा रतीब फुकटात पडतो. पण नागरिकांनी तरी काय केले? गटार तुंबले, पाणी आले नाही, तर नगरसेवकाच्या कार्यालयाऐवजी वॉर्ड ऑफिसात खेपा घातल्या. या खेपांचा आणि चार वर्षे न झालेल्या निवडणुकीचा संबंध जोडून जाब विचारणारे मूठभरच निघाले.

याच जनतेचे दुसरे रूपही आहे. 2005 मध्ये सकाळ समूहाने ‘अॅग्रोवन’ हे शेतीला वाहिलेले दैनिक सुरू केले. लासलगावचा कांद्याचा भाव, पावसाचा अंदाज, द्राक्षावरच्या भुरीचे व्यवस्थापन असा मजकूर. आरडाओरडा नाही, सिनेमा नाही, तरी ते वाचले जाते. निफाडचा कांदा उत्पादक संध्याकाळी टीव्हीवरची भांडणे चवीने पाहतही असेल, पण भावाची बातमी तो काळजीपूर्वक वाचतो. कारण त्या बातमीचे त्याला दुसऱ्या दिवशी काम असते: माल काढायचा की चाळीत ठेवायचा, हे तिच्यावर ठरते.

राजकारणाच्या बातमीचे असे काम बहुतेकांना नसते. पाच वर्षांतून एकदा बटण दाबायचे, बाकी काळ पाहत बसायचे, अशी नागरिकत्वाची व्याख्या एकदा स्वीकारली की राजकारण हा सामना होतो आणि बातमी त्याचे धावते समालोचन. उथळपणाचा दोष मालकांचा, जाहिरातदारांचा आणि सत्तेपुढे वाकणाऱ्या संपादकांचा जास्त, यात वाद नाही. लोकांचा वाटा आहे तो ही प्रेक्षकाची खुर्ची आनंदाने पत्करण्यात. टीव्ही बंद करून ती सुटत नाही. माहितीचे काम पडेल अशी जागा धरावी लागते.

अशा जागा कायद्याने दिलेल्या आहेत. माहितीच्या अधिकाराचा कायदा आहे. पुण्यात 2006 पासून नागरिकांना प्रभागातील कामे अर्थसंकल्पासाठी सुचवता येतात. गावात ग्रामसभा आहे. तिच्या गणपूर्तीला मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांपैकी कमी असेल तेवढी माणसे पुरतात. तीही कित्येकदा जमत नाहीत. मग सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसल्याने पुढच्या वेळी पाच-पंचवीस माणसांत ठराव मंजूर होतात. तालुक्याच्या वार्ताहराने त्यावर लिहायचे तरी काय? तिथे शंभर माणसे वित्त आयोगाच्या निधीचा हिशेब मागायला उभी राहिली, तर संपादकाला त्या बातमीचे महत्त्व पटवून द्यावे लागणार नाही. गर्दी, वाद, नावे आणि रकमा, बातमीला लागणारे सगळे तिथे असेल.