भाऊबंदांमधील प्रेषित



तौरातमधील ‘अनुवाद’ या ग्रंथाच्या अठराव्या अध्यायात बनी इस्राईलला एक वचन दिलेले आढळते: त्यांच्या भाऊबंदांमधून ह. मूसा (अ.) यांच्यासारखा एक प्रेषित उभा केला जाईल. हा प्रेषित कोण? यहुदी भाष्यकारांनी त्याच समाजात पुढे आलेल्या प्रेषितांकडे निर्देश केला. ख्रिस्ती परंपरेने हे वचन ह. ईसा (अ.) यांना लावले. त्यांना ‘मसीह’ तर कुरआनही म्हणतो. पण योहानच्या शुभवर्तमानात ह. याह्या (अ.) यांना ‘मसीह’ आणि ‘तो प्रेषित’ यांविषयी वेगवेगळे विचारले जाते. मुस्लिम विद्वानांनी या वचनात ह. मुहम्मद (स.) यांची शुभवार्ता पाहिली, कारण बनी इस्माईल हे बनी इस्राईलचे भाऊबंदच होत.

येथे प्रामाणिकपणा हवा. त्याच ग्रंथाच्या सतराव्या अध्यायात राजा भाऊबंदांमधून नेमावा, परका नसावा, असे सांगितले आहे. तेथे भाऊबंद म्हणजे स्वतः बनी इस्राईल. मात्र दुसऱ्या अध्यायात एसावच्या वंशजांनाही भाऊबंदच म्हटले आहे. म्हणजे या शब्दात दोन्ही अर्थांना जागा आहे. चौतिसावा अध्याय तर सांगतो की, इस्राईलमध्ये मूसांसारखा प्रेषित पुन्हा झाला नाही. आपल्या अर्थाला असा आधार आहे. परंतु आपले ईमान एका शब्दाच्या अर्थावर उभे नाही, म्हणून तो शब्द ओढूनताणून वापरण्याची आपल्याला गरजही नाही. ग्रंथधारकांच्या कथनाला सरसकट खरेही म्हणू नका, खोटेही म्हणू नका, ही प्रेषितांची (स.) शिकवण सहीह बुखारीत नोंदलेली आहे.

मग अडसर कोठे होता? सूरह अल-बकराच्या ८९ व्या आयतीनुसार, ज्याची ते वाट पाहत होते ते आल्यावर त्यांनी ते ओळखले आणि तरीही नाकारले. मदिनेतील यहुदी विद्वान अब्दुल्लाह बिन सलाम (रजि.) यांनी मात्र ओळखले आणि स्वीकारले. ज्ञान दोहोंकडे होते. फरक एवढाच की, काहींना सत्य आपल्याच घराण्यात हवे होते. मराठीत ‘भाऊबंद’ या शब्दापासूनच ‘भाऊबंदकी’ हा शब्द आला, हे विसरू नये.

ही आयत वाचताना दुसऱ्यांकडे बोट दाखविणे सोपे आहे. पण हक्काची गोष्ट दुसऱ्या जमातीच्या, वयाने लहान किंवा गरीब माणसाने सांगितली, तर आपण प्रथम काय पाहतो? गोष्ट, की सांगणाऱ्याचे घराणे?

अल्लाह आपल्याला सत्य ओळखण्याची दृष्टी देवो आणि ओळखल्यावर ते स्वीकारण्याचे धैर्यही देवो. आमीन.