वाघिणीचे प्रयोजन

ज्याची कोणतीही इच्छा अपुरी उरलेली नाही, अशा आप्तकाम ईश्वराने सृष्टी कशासाठी निर्माण करावी, हा प्रश्न ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या पादात उपस्थित झाला असून सूत्रकारांनी त्याचे उत्तर लीला या एकाच कल्पनेने दिले आहे. शंकराचार्य आपल्या भाष्यात त्यासाठी काहीही उणे नसलेल्या राजाच्या क्रीडेचा आणि सहज चालणाऱ्या श्वासोच्छ्वासाचा दाखला देतात. हे उत्तर मान्य केले तरी एक शंका मागे उरते. कर्त्याला जर काहीच साधायचे नाही, तर त्याच्या सृष्टीत पावलोपावली आढळणारी प्रयोजने आली कोठून? या शंकेचा उलगडा करू पाहताना अमेरिकेत विसाव्या शतकात रुजलेला मॉडेल रेल्वेचा छंद, आणि त्यातही रुळालगत एखादा लहानसा उद्योग वसवण्याची तेथील रीत, अनपेक्षितपणे उपयोगी पडते.

या छंदातील एचओ नावाच्या प्रमाणात प्रत्येक वस्तू मूळच्या वस्तूहून 87 पट लहान केली जाते, त्यामुळे चाळीस फुटी मालडबा सुमारे 14 सेंटिमीटरांचा होतो. गाडी नुसती गोल गोल फिरत राहिली तर पाहणारा लवकरच कंटाळतो. फ्रँक एलिसन यांनी 1944 साली ‘मॉडेल रेलरोडर’ मासिकातील लेखमालेत मॉडेल रेल्वेकडे नाटक म्हणून पाहिले आणि गाड्यांना त्यातील पात्रांची जागा दिली, ती याच जाणिवेतून. पात्राला काही काम नसेल तर ते रंगमंचावर का यावे, याचे उत्तर मिळत नाही. मुख्य मार्गावर एक सांधा बसवून तेथून फुटणाऱ्या वीतभर साइडिंगच्या टोकाशी कोळशाच्या व्यापाऱ्याची वखार उभी केली की हे उत्तर मिळते. अमेरिकेतील घरे कोळशावर ऊबदार ठेवली जात त्या काळी गावोगावी अशा वखारी असत: लाकडी खांबांवर उचललेल्या रुळांवर वाघीण ढकलायची, तिचे तळाचे दरवाजे उघडायचे आणि कोळसा खालच्या कप्प्यांत पडू द्यायचा. मॉडेलमध्ये हे खांब काडीकाडीने चिकटवले जातात; कोळशाचा चुरा पसरून त्यावर पाणी घालून पातळ केलेला पांढरा गोंद सोडतात, आणि तो चुऱ्यावर थेंबाथेंबाने न साचता आत मुरावा म्हणून त्यात भांडी घासण्याच्या द्रवरूप साबणाचा एखादा थेंब मिसळतात.

एवढे झाले की वाघिणीला जाण्याचे ठिकाण मिळते. अनेक छंदिष्ट प्रत्येक वाघिणीचे एक कार्ड ठेवतात आणि माल कोणता, कोठून कोठे न्यायचा, हे सांगणारी चिठ्ठी त्या कार्डाच्या खिशात घालतात. खेळाच्या त्या बैठकीत चालकाला वाघीण तेथेच पोचवावी लागते, मग वाटेत दुसरी गाडी आडवी असो वा शंटिंग कितीही किचकट होवो. वखारीला कोळसा हवा आहे, हे त्या जगात खरे आहे. छंदिष्टाला कोळशाची गरज नाही, हेही तितकेच खरे आहे. दोन्ही विधानांची पातळी वेगळी असल्यामुळे त्यांच्यात विरोध येत नाही, आणि म्हणूनच जगाच्या आत सर्वत्र हेतू दिसतात तेव्हा जगालाही हेतू असलाच पाहिजे, हे अनुमान टिकत नाही. अमृतानुभवातील चिद्विलासाची कल्पना येथे जोडण्याचा मोह मराठी वाचकाला होईल, पण तो आवरलेला बरा. तेथे खेळणारा आणि खेळ हा भेदच मावळतो, तर छंदिष्टाला टेबलाच्या बाहेरच उभे राहावे लागते.

त्या चिठ्ठीतून आणखी एक गोष्ट लक्षात येते. ज्याच्या हातात सारे आहे, जो कोणतीही वाघीण बोटांनी उचलून हवी तेथे ठेवू शकतो, तो स्वतःला नियमाने बांधून घेतो आणि त्या बंधनातच त्याला खेळाची गोडी लागते. सूत्रकारांनीही लीलेच्या पाठोपाठ वैषम्य आणि नैर्घृण्य, म्हणजे पक्षपात आणि निर्दयता, या आक्षेपांना उत्तर देताना ईश्वर सापेक्ष आहे, म्हणजे जीवांच्या कर्माला अनुसरून फळ देतो, असेच म्हटले आहे. मात्र साम्य येथेच तुटते. चिठ्ठी छंदिष्टानेच लिहिलेली असते, वाघिणीने काही केलेले नसते. शिवाय कर्म अनादी मानले आहे, तर चिठ्ठ्यांच्या मालिकेला पहिली चिठ्ठी असतेच.

याहून मोठा भेद भोक्त्याचा आहे. वखारीच्या भिंतीवर गंज रंगवला जातो, फळ्या मुद्दाम मोडल्या जातात, दारिद्र्य देखणे करून मांडले जाते, आणि ते कोणाला बोचत नाही, कारण ते भोगणारा त्या जगात कोणी नसतो. कॅलिफोर्नियातील माँटेरे येथे जॉन ॲलन यांनी दीर्घकाळ खपून उभारलेली मॉडेल रेल्वे 1973 साली, त्यांच्या निधनानंतर थोड्याच दिवसांत, आगीत नष्ट झाली, तेव्हा हळहळ वाटली ती ते जग बाहेरून पाहणाऱ्यांना. आतल्या इवल्या माणसांचे काहीही गेले नाही. लीलेचा दृष्टान्त प्रयोजनाच्या शंकेला पुरतो. दुःखाच्या शंकेला तो पुरत नाही, आणि सूत्रकारांना तेथे कर्माचा वेगळा आधार घ्यावा लागला, याचे कारण बहुधा हेच असावे.